सुताराला जरा थांबवा!

एका वाचक-भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे मामंजी तरुणपणी शिक्षणासाठी इंग्लंडात होते. परतताना त्यांनी मासे धरायची एक बांबूची काठी आणली. कापडी पिशवीत तीन तुकडे, बुडाला बुचाची मूठ, जागोजागी रेशमी दोऱ्याचे बारीक वेढे. मामंजी गेल्या वर्षी वारले आणि माळा आवरताना ती निघाली. घरचे म्हणतात, मोडीत टाका. सासूबाई म्हणतात, त्यांची वस्तू आहे, राहू द्या. या ताईंनी मधला मार्ग काढला आहे: सुताराकडून पॉलिशपेपर मारून, चकचकीत व्हार्निश लावून दिवाणखान्यात टांगायची. कोणता रंग शोभेल, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

ताई, रंगाचं नंतर पाहू. आधी सुताराला थांबवा.

मैत्रिणींनो, ही साधी काठी नव्हे. हिला स्प्लिट केन म्हणतात. ‘केन’ म्हटलं की आपल्याला वेत वाटतो, पण हा वेत नाही, चिरलेला बांबू आहे. आपल्याकडे बुरूड सूप-टोपलीसाठी कामट्या काढतात ना, त्याच कामाची ही फार नाजूक तऱ्हा. बांबूचं खरं बळ सालीलगतच्या धाग्यांत असतं. आत जावं तसा तो मऊ. म्हणून कारागीर बांबू उभा चिरतो, गाठी सपाट करतो, पट्ट्या शेकून ताठ करतो आणि मग एकेक पट्टी रंध्याने अशी तासतो की तिचा छेद समभुज त्रिकोणाचा यावा. साठ अंशांचे सहा कोन मिळून पूर्ण फेरा होतो, हे मुलांच्या भूमितीच्या पुस्तकात आहेच! सहाही पट्ट्यांची साल बाहेर आणि टोकं आत ठेवून चिकटवलं की एक भरीव षटकोनी काठी तयार होते, बुडाशी जाड आणि शेंड्याला काडीइतकी बारीक. हा निमुळतेपणा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. शेजारच्या पट्ट्यांच्या गाठी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत, आणि सालीच्या अंगाचे धागे तर मुळीच तासायचे नाहीत. हाताने करणाऱ्याचे एका काठीमागे पन्नासेक तास सहज जातात.

आता लक्षात आलं ना? पॉलिशपेपर नेमका त्या बाहेरच्या धाग्यांवरच फिरणार. शिवाय मुठीच्या वर कारागिराने शाईने नाव लिहिलेलं असतं, कधी अनुक्रमांकही. सुताराच्या एका हातासरशी ते गेलं, की ती काठी कोणाची हे सांगायला कुणी उरत नाही.

या विलायती काठीचं आपल्याशी जुनं नातंही आहे, बरं का! एकोणिसाव्या शतकात, अमेरिकेत हायरम लेनर्डसारखे कारागीर अशा काठ्या बनवू लागले, तेव्हा बांबू जात असे तो हिंदुस्थानातला. कलकत्ता बंदरातून येई म्हणून त्याचं नावच ‘कलकत्ता’ पडलं. पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू अधिक सरळ आणि दाट धाग्यांचा म्हणून सर्वांनी पसंत केला. इंग्लंडात १८७२ साली स्थापन झालेल्या ॲल्निकच्या हार्डी बंधूंनी आपल्या स्प्लिट केनला ‘पालाकोना’ हे नाव दिलं. ते नाव काठीवर दिसलं तर जपाच. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, १९५० च्या सुमारास अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली, आणि पाठोपाठ कार्बनच्या हलक्या काठ्या आल्या. बांबूचं काम थोड्याशा हातांत उरलं. ते आजही चालू आहे, आणि म्हणूनच जुन्या काठ्या जमवणारेही आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा पुरुषांचा उद्योग, आपल्याला काय त्याचं? तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कॉर्नेलिया क्रॉस्बी यांची गोष्ट ऐका. त्या बँकेत नोकरी करत. प्रकृती बरी राहीना, तेव्हा डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. १८८६ मध्ये एका स्नेह्याने त्यांना जेमतेम पाच औंसांची बांबूची काठी भेट दिली. त्या इतक्या रमल्या की ‘फ्लाय रॉड’ याच नावाने वर्तमानपत्रांत सदर लिहू लागल्या, आणि १८९७ मध्ये मेन राज्याने वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा पहिला परवाना या बाईंच्या नावावर निघाला. भेट आलेली काठी त्यांनी काही भिंतीवर टांगली नाही!

काठी खरोखर मोलाची आहे का, हे घरच्या घरी बरंचसं कळतं. सगळे तुकडे लांबीला सारखे हवेत. एखादा दोन-तीन इंच आखूड असेल तर तो कधीतरी मोडला आणि सांधला असं समजावं. तुकडा डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखा पाहा, वाक दिसेल. हलकेच हलवल्यावर कुरकुर ऐकू आली तर पट्ट्यांमधला चिकटा सुटला आहे. जुन्या काठ्यांत जनावरांच्या कातड्याचा सरस असे, त्याला पाणी सोसत नाही. जोडीला दोन शेंडे, मूळची पिशवी आणि धातूची नळी असेल तर फारच छान. लाकडी पेटीतली जपानी काठी असेल तर मात्र फार आशा धरू नका. युद्धानंतर अमेरिकन शिपायांनी आठवण म्हणून त्या ढिगाने नेल्या. दिसायला सुरेख, पण किंमत बेताची. आणि ‘जुनी काठी आहे, शंभर-दोनशे देतो’ म्हणणाऱ्या भंगारवाल्याला बुडाजवळचं नाव वाचल्याशिवाय काही देऊ नका.

निगा आपल्या रेशमी साडीसारखीच. ओली कधी पिशवीत घालायची नाही, आणि ओल्या पिशवीसकट नळीत तर नाहीच नाही. आत बुरशी धरते आणि व्हार्निश पांढरं पडतं. भिंतीला टेकून कोपऱ्यात उभी केली की हळूहळू वाकते. पिशवीच्या नाडीने कपाटात सरळ टांगावी. पत्र्याखालचा माळा नको, उन्हाळ्यातल्या त्या तापाने चिकटा सैल होतो. पावसाळ्यात मधून मधून काढून पंख्याखाली धरा आणि सालीवर बारीक भोकं वा पिठासारखा भुगा दिसतो का पाहा, कारण बांबूला भुंगा लागतो. व्हार्निश तडकलं असेल तर मऊ फडक्याने पुसून तसंच राहू द्या. जुनं व्हार्निश हाच तिचा दाखला. दोऱ्याचे वेढे सुटले असतील तर मात्र जाणत्या माणसाकडूनच बांधून घ्या.

आणि हो, ती वापरताही येते. बांबू म्हातारा झाला म्हणून दुबळा होतो असं नाही. १९५२ साली इंग्लंडात रिचर्ड वॉकर यांनी स्वतः बनवलेल्या स्प्लिट केनवर चव्वेचाळीस पौंडांचा कार्प काढला, आपल्या रोहू-कटल्याच्या जातकुळीतला. अर्थात त्यांची काठी त्याच कामाची होती. ट्राउटसाठीची नाजूक काठी घेऊन महासीरच्या मागे लागू नये. घरात कुणाला हौस असेल तर आधी तिथल्या मत्स्य खात्याचा परवाना काढावा. जोडताना आणि सोडताना सांध्याच्या दोन्ही बाजूंना जवळ धरून सरळ ओढायचं, पिळायचं नाही. सांधा कोरडा वाटला तर जुने शौकीन तो नाकाच्या शेंड्यावर घासून घेतात! हसू नका, तेवढं तेल पुरतं. मासा लागल्यावर काठी पार डोक्यामागे नेऊ नये, शेंडा मोडतो. आणि मधून मधून ती उलटी फिरवून धरावी, म्हणजे एकाच बाजूला वाक बसत नाही. घरी आल्यावर आधी काठी पुसून टांगा, मग मासे साफ करायला घ्या.