आधी गुंता कुणाचा सोडवायचा?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सोलापुरातल्या आमच्या बचत गटातल्या एक अक्का केस कापून घ्यायला पार्लरमध्ये गेल्या आणि तशाच परत आल्या. वय पंचेचाळीस. तीस वर्षे मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून त्या विड्या वळत आल्या आहेत. हजार विड्यांमागे मजुरी, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. आता मान आणि खांदे सतत दुखतात, त्यात कमरेखाली जाणाऱ्या केसांचा भलामोठा अंबाडा. न्हायल्यावर तो दिवसभर ओलाच. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या. केसांचा विषय कुणी काढला नाही. शेवटी अक्कांनीच ठरवले, खांद्यापर्यंत कापून टाकायचे.

पार्लरमधल्या मुलीने केसांना हात लावला आणि म्हणाली, "तेल लावून आलात होय? असं नाही चालत. धुऊन, विंचरून या. आणि तंबाखूचा वास येतोय."

अक्का मला म्हणाल्या, "ताई, केस कापायच्या आधी काय काय करावं लागतं ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही बघा. माझंच चुकलं."

हे 'माझंच चुकलं' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

काही मैत्रिणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न समोर असताना हे पार्लरचे काय काढले? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. एम.एस.डब्ल्यू. करताना पार्लर म्हणजे सौंदर्याच्या बाजारपेठेचे दुकान, एवढेच आम्ही पाठ केले होते. पण अक्कांना मान हलकी करायची होती. आणि समजा, त्यांना छान दिसायचे असते, तरी त्यांना दारातून परत पाठवायचा अधिकार कुणाला होता?

पुढच्या बैठकीत मी बायकांना विचारले, "केस कापायचे ठरवलं तर आधी काय तयारी कराल?" मला वाटले होते, शांपू, शिकेकाई अशी उत्तरे येतील. एकीनेही केसांचे नाव काढले नाही. "नवऱ्याला विचारीन." "सासूबाई गावाला गेल्या की जाईन." "पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू, पाहुणे काय म्हणतील?" "सोमवारी नको, अमावास्येला नको." एक जण म्हणाली, "मी दर वेळी बोटभरच कापते. कुणाला कळत नाही." सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग घरी जाताना मला माझेच आठवले. तीन वर्षांपूर्वी मी मानेपर्यंत केस कापले. कापायचे ते मीच सांगितले होते. आणि घरी आल्यावर नवऱ्याला आणि सासूबाईंना काय सांगितले? "पार्लरवालीने जरा जास्तच कापले." शिबिरात 'माझे शरीर, माझा हक्क' यावर दोन-दोन तास बोलणारी कार्यकर्ती मी! घरात वाद नको म्हणून एका गरीब मुलीच्या कामावर खापर फोडून मोकळी झाले. हा कबुलीजबाब मी फार उशिरा देते आहे.

आमच्या या सीमाभागात यल्लम्माच्या नावाने डोक्यावर जट वागवणाऱ्या बायका आजही भेटतात. केसांचा गुंता होऊन जट धरते, आणि देवीचे बोलावणे आले असे घरचे म्हणतात. मग ती विंचरायची नाही, कापायची नाही. जटेचे वजन मानेवर, न्हायल्यावर ती वाळत नाही, आत कोंडा आणि उवा. अशा बाईची जट काढायची तर कात्री सगळ्यात शेवटी येते. त्याआधी कार्यकर्ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातात, घरच्यांशी बोलतात. जट कापली तर घरात कुणी दगावेल, ही तिची भीती सोडवत बसावे लागते. तिच्या भीतीला आपण अंधश्रद्धा म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. पण मग बोटभर केस कापायला नवरा-सासूची मर्जी पाहणाऱ्या आपल्या भीतीला काय म्हणायचे? तिला देवी कोपेल असे वाटते, आपल्याला घर कोपेल असे वाटते. फार फरक आहे का?

बाईच्या केसांवर दुसऱ्यांनी हक्क सांगणे आपल्याकडे जुनेच आहे. विधवेला न विचारता तिचे केशवपन होत असे. त्याविरुद्ध 1890 साली मुंबईत नाभिकांनी सभा भरवली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. आज केशवपन गेले, पण न विचारण्याची रीत गेली नाही. विधवेचे केस तिला न विचारता काढले जात, आता सवाष्णीचे तिला न विचारता राखले जातात.

आता त्या पार्लरमधल्या मुलीबद्दल. तिला मी मुद्दाम जाऊन भेटले. शेजारच्याच वस्तीतली निघाली. दिवसभर उभे राहून पाय सुजतात. पगार थोडा, बाकी जेवढी गिऱ्हाइके तेवढे कमिशन. गुंता झालेले केस सोडवण्यात अर्धा तास गेला तर तो तिच्या पोटावरचा. केस धुऊन द्यायचे तर मालकीण वेगळे पैसे घेते. तंबाखूचे ती बोलली, कारण बाजूच्या खुर्चीतल्या बाईने नाकाला रुमाल लावला होता. तेव्हा माझे भांडण तिच्याशी नाही. 'स्वच्छ होऊन या, मग आम्ही तुम्हाला सुंदर करू' म्हणणाऱ्या धंद्याशी आहे. नळाला रोज पाणी नाही, हातात दिवसभर तंबाखू, अशा बाईने ही अट कशी पुरी करायची?

तयारी करूच नये असे मी म्हणत नाही. जी तयारी आपल्या आणि कापणारीच्या हाताच्या उपयोगाची, ती जरूर करावी. ती एवढीच आहे. जमल्यास आदल्या दिवशी केस धुवावेत आणि नंतर तेल लावू नये, कारण तेलाने केस चिकटतात आणि त्यांची खरी दाटी, खरे वळण दिसत नाही. गुंता टोकाकडून वर वर सोडवत यावे. भांग रोजचाच ठेवावा. उवा असतील तर आधी इलाज करावा, कारण त्या कंगव्यातून दुसरीच्या डोक्यात जातात. डोक्यात जखम असेल, केसांना रंग लावला असेल तर सांगावे. ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर आखूड दिसतात, कुरळे तर जास्तच. म्हणून 'दोन इंच' न म्हणता कुठपर्यंत हवे ते बोट ठेवून दाखवावे. वेणी किंवा अंबाडा घालायचा असेल तर तेही सांगावे. आणि दर आधी विचारावा, त्यात लाज कसली?

बाकीची सगळी तयारी म्हणजे माफी मागणे आहे. नवऱ्याची मर्जी पाहणे, वार पाहणे, केस किती खराब आहेत म्हणून आधीच ओशाळणे, हे आपण सोडले पाहिजे. घरी सांगावे जरूर, पण सांगणे वेगळे आणि विचारणे वेगळे.

आमच्या गटाने एक केले. गटातल्या एकीच्या मुलीने पार्लरचा कोर्स केला आहे. महिन्यातून एका रविवारी ती केंद्रावर बसते. पाण्याची दोन पिंपे आम्ही आदल्या दिवशी भरून ठेवतो आणि केस तिथेच धुतो. तिचे पैसे तिला रोख देतो, कारण तेही काम आहे. पहिला नंबर अक्कांचा होता. मान पूर्ण थांबली नाही, ती विड्यांनी गेली आहे आणि तो लढा मजुरीचा आहे. पण अंबाड्याचे ओझे उतरले. घरी नवऱ्याने विचारले, "कुणाला विचारून कापले?" अक्का म्हणाल्या, "मानेला."

मीही त्या संध्याकाळी सासूबाईंना तीन वर्षांपूर्वीचे खरे सांगून टाकले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मैत्रिणींनो, तुमच्या गटात हा प्रश्न एकदा विचारून पाहा आणि बायका काय सांगतात ते आम्हाला कळवा. सुरुवात मात्र विचारणारीने स्वतःपासून करावी.