छातीतील कळ : हृदयाची की स्नायूंची ?

छातीत कळ आली की माणसाच्या मनात पहिला विचार हृदयाचा येतो, आणि तो येणे योग्यच आहे. परंतु छाती म्हणजे केवळ हृदय नव्हे. हाडे, सांधे, कूर्चा आणि स्नायू यांचा एक पिंजरा हृदयाभोवती उभा आहे आणि तोही दुखू शकतो. तासन्‌तास पोक काढून बसणे, खांदे आखडून काम करणे, मनावरचा ताण अंगात मुरू देणे यांमुळे होणारी छातीची वेदना हा त्याचाच एक प्रकार. या दुखण्याने जीव धोक्यात येत नाही. मात्र ते ओळखण्यात चूक झाली तर ती दोन्ही बाजूंनी महाग पडते. हृदयविकाराला 'स्नायू धरला असेल' म्हणून घरी बसणारा मनुष्य प्राणास मुकतो. आणि स्नायूंच्या दुखण्याला हृदयविकार समजून बसणारा मनुष्य रोज थोडाथोडा भीतीने खचतो. म्हणून दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे.

आधी धोक्याची लक्षणे

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयशूळाचे जे वर्णन वैद्यांच्या सभेपुढे वाचले, त्यातील मर्म आजही खरे आहे : हे दुखणे चालताना, विशेषतः चढण चढताना येते आणि थांबले की ओसरते. हृदयविकाराच्या झटक्यात मात्र ते विश्रांतीनेही थांबत नाही. छातीच्या मध्यभागी दडपण, आवळल्यासारखे वा जड वाटणे; ती वेदना खांदा, हात, जबडा, मान किंवा पाठीकडे पसरणे; दरदरून घाम, धाप, मळमळ, घेरी – यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपचारांत एक मिनिटही दवडू नये. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवून रुग्णवाहिका मागवावी आणि रुग्णाला चालवू नये. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीतील वेदना सौम्य असून केवळ थकवा, धाप किंवा पोटाच्या वरच्या भागातील अस्वस्थता हीच खूण असू शकते. घरातील गृहिणी 'पित्त झाले असेल' म्हणून कामाला लागते, तेव्हा इतरांनी तिला थांबवावे.

श्वासाबरोबर येणारी कळ स्नायूंचीच असते असेही नाही. ताप व खोकला असेल तर फुप्फुसाचा दाह, लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर एकाएकी धाप लागली किंवा एक पाय सुजला तर फुप्फुसात रक्ताची गुठळी, आणि एका बाजूस आग होऊन पुढे फोड उठले तर नागीण, अशी कारणे संभवतात. तात्पर्य, छातीतील नवे दुखणे पहिल्या वेळी वैद्यानेच तपासले पाहिजे. हृदयाचा आलेख एकदा निर्दोष आला म्हणजे शंका पूर्ण फिटली असे नाही. गरज वाटल्यास डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि रक्ताची तपासणीही करतात. त्यास कंटाळू नये.

पिंजरा का दुखतो ?

बरगड्यांच्या बारा जोड्या आहेत. त्यांतील वरच्या सात कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या तीन आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला जोडलेल्या, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या असतात. पाठीमागे त्या सर्व मणक्यांना सांधलेल्या आहेत. प्रत्येक श्वासाला हा पिंजरा हलतो. दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा. मोडलेल्या हाताला झोळीत विसावा देता येतो, छातीला देता येत नाही. येथील दुखणे बरे होण्यास वेळ का लागतो, याचे उत्तर यातच आहे.

आता आपण कसे बसतो ते पाहा. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. ते मानेवर तोललेले असेल तोवर भार वाटत नाही. परंतु वही, शिवणयंत्र किंवा हातातील दूरध्वनी यांवर मान झुकली की तेच डोके सावरण्यासाठी मान व पाठीचे स्नायू सतत ताणून धरावे लागतात. खांदे पुढे येतात, छातीवरचे स्नायू आखूड होतात, पाठीचे लांबून थकतात. बरगड्यांना फुलायला जागा उरत नाही, आणि श्वास पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागातून, मानेच्या स्नायूंच्या बळावर घेतला जातो. महिनोन्‌महिने असे चालले की बरगडी व कूर्चा यांचे सांधे हुळहुळे होतात, स्नायूंत गाठीसारखे ताठ पट्टे येतात आणि एखाद्या दिवशी वळताना सुई टोचल्यासारखी कळ निघते.

बरगड्यांच्या कूर्चेच्या या दाहात सूज नसते. सूजही दिसत असेल, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बरगडीपाशी, तर त्या विकाराला आलेक्झांडर टिट्झे या जर्मन शल्यवैद्याचे नाव आहे. त्यांनी त्याचे वर्णन १९२१ साली केले. स्नायूंतील ताठ पट्ट्यांचा कसून अभ्यास अमेरिकेतील डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी केला. १९६१ मध्ये त्या राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य झाल्या. छातीच्या स्नायूतील वेदना हातापर्यंत पोहोचू शकते, हे अशा अभ्यासांतून कळले. हृदयविकाराचा भास होतो तो यामुळेच.

मनाचाही यात वाटा आहे. काळजीत असलेला मनुष्य नकळत खांदे कानांकडे ओढतो आणि भराभर श्वास घेतो. त्याने छाती आवळते, बोटांना मुंग्या येतात, भीती वाढते आणि भीतीने छाती आणखी आवळते. हे चक्र काल्पनिक नव्हे. वेदना खरीच असते.

स्नायूंच्या दुखण्याची ओळख

ही वेदना बहुधा एका बोटाने दाखवता येते. ती जागा दाबली, अंग वळवले, हात वर नेला किंवा खोकला आला की वाढते, आणि बसण्याची रीत बदलली की उतरते. परंतु दाबल्यावर दुखते एवढ्याच पुराव्यावर हृदय निर्दोष ठरवू नये. एकाच माणसाला दोन्ही विकार असू शकतात.

घरी काय करावे ?

डॉक्टरांनी हृदयाबद्दल निर्वाळा दिल्यानंतर पुढील उपाय करावेत.

१. दुखऱ्या भागावर दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा मिनिटे कोमट शेक द्यावा. काही दिवस जड ओझे उचलणे टाळावे, पण अंथरूण धरू नये. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; आम्लपित्त, जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयरोग असणाऱ्यांना काही गोळ्या बाधतात.

२. उताणे निजून एक हात पोटावर ठेवावा. चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, पोट वर येऊ द्यावे, आणि सहा अंक मोजत सोडावा. पाच मिनिटे पुरेत.

३. दाराच्या चौकटीत उभे राहून दोन्ही कोपरे खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवावीत, एक पाय पुढे टाकून छाती हळूच पुढे न्यावी आणि वीस-तीस सेकंद थांबावे. असे तीन वेळा करावे. ताण जाणवावा, कळ येऊ नये.

४. टॉवेलची गुंडाळी करून ती पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवावी व डोक्याला उशी घेऊन दोन-तीन मिनिटे पडून राहावे. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी हे करू नये.

५. लिहिण्या-वाचण्याची वस्तू डोळ्यांच्या जवळपास उंचीवर आणावी. खुर्चीत पाठीला आधार व पावले जमिनीला टेकलेली असावीत. जमिनीवर बसताना चौरंग आणि तक्क्या घ्यावा. मूल नेहमी एकाच कडेवर घेऊ नये. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

छाती काढून शिपायासारखे ताठ बसणे हाही उपाय नव्हे; त्यानेही स्नायू थकतात. कोणतीही एक स्थिती, मग ती कितीही चांगली असो, फार वेळ धरून ठेवली की वाईटच.

हे दुखणे काही आठवड्यांत ओसरते, क्वचित काही महिने रेंगाळते. मध्येच परत आले म्हणून घाबरू नये; मात्र त्याचे रूप बदलले, श्रमाने ते येऊ लागले किंवा विश्रांतीतही वाढत राहिले, तर जुन्या निदानावर विसंबू नये आणि पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक विनंती. आज घरी सर्वजण एकत्र असतील तेव्हा, कोणास न सांगता, प्रत्येकाच्या बसण्याकडे पाहा : अभ्यास करणारा मुलगा, भाजी चिरणारी आई, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. कोणाचे खांदे पुढे आले आहेत, हे आपल्याला लगेच दिसेल. त्यांना न रागावता उठवा आणि अंगणात किंवा गच्चीवर दोन फेऱ्या घालायला सोबत न्या. त्यात आपलेही भले आहे.