साडेसाती आणि शेंगदाणे



आपल्या घरांत ग्रहांची नावं मुलांच्या कानावर आधी कुठून पडतात? शाळेच्या पुस्तकातून नाही. कुणाच्या लग्नाची बोलणी चालू असतात, ‘मुलीला मंगळ आहे’. कुणाचं दुकान चालेनासं होतं, ‘शनी मागे लागलाय’. सूर्यमालेचा तक्ता वर्गात येतो तो नंतर, आणि तोवर शनी पोराच्या मनात भीती होऊन बसलेला असतो. माझं मत असं की ही भीती समजावून जात नाही, मोजून जाते. मोजायला लागणारं सगळं सामान आपल्या डब्यांत आहे.

मोहरीचा दाणा साधारण 2 मिलिमीटरचा. ती आपली पृथ्वी. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या 109 पट, म्हणजे सुमारे 22 सेंटीमीटर, एका पोळीएवढा. पुठ्ठ्यावर ताट ठेवून मुलांनाच गोल आखू द्या. मंगळ राजगिऱ्याचा दाणा, गुरू आवळा, शनी लहानशी सुपारी. आता अंतर. पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्ये जवळजवळ 11,700 पृथ्वी ओळीनं मावतात. गुणिले 2 मिलिमीटर, भागिले 1000. उत्तर 23 मीटरच्या वर. पोळी दारात टांगा आणि मोहरी घेऊन मुलाला चालायला लावा. शनी याच्या साडेनऊ पट लांब, म्हणजे 220 मीटरच्याही पुढे, बहुतेक गल्लीच्या टोकाला. तिथून मागे वळून पाहिलं की हातातल्या सुपारीची कुणाला भीती वाटत नाही.

खरी गंमत साडेसातीच्या गणिताची. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, आपण 30 धरू. राशी 12. बारा वाट्या गोल मांडा आणि 30 शेंगदाणे सारखे वाटायला सांगा. प्रत्येकीत दोन पडतात, सहा उरतात. मूल अडतं, मग त्याला सुचतं की दाण्याच्या दोन पाकळ्या होतात. एका वाटीत अडीच. आपल्या राशीची वाटी, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन मिळून साडेसात! अपूर्णांक इतका सोपा कुठल्याच शिकवणीत होत नाही. पुढचा प्रश्न विचाराच. बारातल्या तीन राशींना कायम साडेसाती असते, मग 40 मुलांच्या वर्गात किती जणांना? साधारण दहा. त्या दहाही जणांचं वाईट चाललंय का, हे मूल स्वतःच बघून येईल.

आपल्याला तर हे जड जायलाच नको. आपलं केलेलं कर्म आपणच भोगायचं, हे आपण पाठशाळेत शिकतो. मग शनिवारी मुनिसुव्रतनाथांपुढे शनीच्या धाकानं का उभं राहायचं? भगवंतांच्या गुणांसाठी उभं राहावं. (सासूबाईंना हे पटत नाही. पण शेंगदाणे त्यांनीच सोलून दिले.)

तुम्ही विचाराल, पाठशाळेत मेरूभोवती फिरणारे दोन सूर्य आणि शाळेत एकच, याचं काय? मुलानं विचारलं तर गप्प बसवू नका. शाळेतला हिशेब दुर्बिणींनी आणि यानांनी पडताळलेला आहे, हे सरळ सांगावं. लोकाचं चिंतन ही बारा भावनांमधली एक भावना आहे. एवढ्या अफाट लोकात आपला जीव किती भटकला, हे मनात आणण्यासाठी ती आहे. सहामाही परीक्षेत तिला कशाला बसवायचं?

आणि मोजणं आपल्याला परकं नाही. महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. गणित कुठे कुठे लागतं ते सांगताना ग्रहांची गती आणि ग्रहणं त्यांनी आवर्जून घेतली आहेत. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेनं 1963 मध्ये तो हिंदी अनुवादासह छापला.

सूर्यास्ताआधी जेवण आटोपलं की आपल्या घरांत संध्याकाळ मोकळीच असते. गच्चीवर जा. न लुकलुकणारा पिवळसर ठिपका दिसला तर तो शनी असू शकतो. फक्त खाली आल्यावर सांडलेली मोहरी आणि दाण्याची टरफलं लगेच गोळा करा, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते आणि आपल्याकडून उगाच हिंसा होते.