घरगुती यंत्रविचार : नवा बोर्ड कीं जुना मिनी पीसी?

गेल्या वैशाखांत मेहकरच्या आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला. घरांतील छायाचित्रें, शेतीचे कागद आणि आजींनीं गाइलेल्या जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण हें सर्व एके ठिकाणीं ठेवावयाचें होतें. पुतण्या म्हणे, रास्पबेरी पाय घ्यावा. त्याचे थोरले काका म्हणत, कचेरींतून निघालेला मिनी पीसी घ्यावा. हा प्रश्न अनेक कुटुंबांत पडत असल्यामुळें आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवितों.

रास्पबेरी पाय हा सिंगल-बोर्ड संगणक होय. तळहाताएवढ्या एकाच पाटीवर सारें यंत्र मांडलेलें असतें. मुलांनीं संगणक स्वतः हाताळून शिकावा, या हेतूनें इंग्लंडांतील केंब्रिज येथें तो निर्माण झाला व २०१२ सालीं ३५ डॉलरांस विक्रीस आला. त्याच्या ४० पिनांस उष्णता किंवा पाण्याची पातळी मोजणारीं साधनें थेट जोडतां येतात. ही सोय मिनी पीसींत सहसा नसते.

मिनी पीसी म्हणजे जाड पुस्तकाएवढी पेटी. मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचीं बहुतेक यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. अशीं यंत्रें कचेऱ्या काढून टाकितात. तथापि त्यांवर लिनक्स घातल्यास घरचें काम उत्तम चालतें.

किंमत पाहतांना नुसत्या बोर्डाचा भाव पाहूं नये. अडॅप्टर, पेटी, पंखा व साठवणूक यांचा खर्च निराळा येतो. पाय ५ यास तर ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. शिवाय २०२५ च्या अखेरीस मेमरी महागल्यानें बोर्डांचे भावहि चढले. जुन्या मिनी पीसीबरोबर हें साहित्य बहुधा येतें; मात्र घेतांना अडॅप्टर मूळचा आहे काय, एसएसडीची प्रकृति कशी आहे आणि बायोसला कुलूप तर नाहीं ना, हें अवश्य तपासावें.

विजेचा हिशेबहि करावा. हलक्या कामांत बोर्ड सुमारें ४ वॅट व मिनी पीसी सुमारें १० वॅट घेतो असें धरल्यास, अहोरात्र चालून वर्षाकाठीं सुमारें ५३ युनिटांचा फरक पडतो. युनिटास ८ रुपये धरले तर हा फरक सव्वाचारशें रुपयांच्या आसपास येतो. एवढ्यासाठीं निर्णय फिरवावा असें आम्हांस वाटत नाहीं.

आमच्या घरीं पुतण्याचा आग्रह मान्य झाला. सर्व संग्रह बोर्डांतील मेमरी कार्डावर ठेविला. ज्येष्ठांत एका वादळी रात्रीं वीज चार-पांच वेळां गेली आणि आली; सकाळीं कार्ड वाचेना. लिहिणें चालू असतां वीज गेल्यास असा घात होऊं शकतो. आजी त्या वेळीं हयात नव्हत्या. एकवीस ओव्यांपैकीं चौदा आमच्या पुण्याच्या भगिनींच्या फोनवर निघाल्या; सात कायमच्या गेल्या.

पुतण्या तीन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. वस्तुतः दोष त्याचा नव्हता, आणि एकट्या बोर्डाचाहि नव्हता. काकांचा मिनी पीसी असता व त्याची डिस्क बिघडली असती, तरी परिणाम हाच झाला असता. यंत्र कोणतें घ्यावें यावर आम्हां वडील मंडळींनीं आठवडाभर वाद घातला. दुसरी प्रत कोठें ठेवावी, हें मात्र एकानेंहि विचारिलें नाहीं.

आतां संग्रहासाठीं मिनी पीसी आहे व त्यास लहान यूपीएस आहे. दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी पुण्यास असते. बोर्ड नव्या कार्डासह गच्चीवरील टाकीची पातळी मोजतो. केवळ तेवढेंच काम असेल तर त्याहून स्वस्त ईएसपी ३२ देखील पुरतें. मोटार मात्र जाणत्या वायरमनकडूनच जोडून घ्यावी. बोर्डाच्या पिनांस ३.३ व्होल्टहून अधिक दाब सोसत नाहीं.

सारांश, तारा जोडून शिकावयाचें असेल तर बोर्ड घ्यावा; घरचा ठेवा सांभाळावयाचा असेल तर मिनी पीसी बरा. परंतु प्रतीची व्यवस्था आधीं करावी व यंत्र मागाहून आणावें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं पुतण्या तिन्ही प्रती उघडून पाहतो. त्या वेळीं चौदा ओव्या घरांत ऐकूं येतात आणि स्वयंपाकघरांतील मंडळी हातचें काम थांबवितात.