दर्शनाची गर्दी आणि मुक्कामाचा हिशेब

सोलापूरच्या होटगी रस्ता विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्स्प्रेस धावू लागली होती. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे. मे २०२५ मध्ये चौंडी येथे झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुळजाभवानी मंदिर परिसराच्या १,८६५ कोटी रुपयांच्या विकास आराखड्याला मान्यता मिळाली. या घडामोडींचे पडसाद जमिनीच्या बाजारात उमटणे स्वाभाविकच होते. अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर या तीन तीर्थक्षेत्रांच्या वाटेवर ‘वीकएंड होम’, ‘फार्महाऊस प्लॉट’ आणि ‘भाविकांना भाड्याने देता येईल असे रो-हाऊस’ या नावांनी गुंतवणुकीची आमंत्रणे दिली जात आहेत. निवृत्तीची पुंजी हाती आलेले नोकरदार, पुण्या-बंगळुरूत स्थिरावलेल्या मुलांचे आईवडील आणि कापड व्यवसायातून पैसा मोकळा करणारे व्यापारी हा या आमंत्रणांचा मुख्य श्रोतृवर्ग आहे.

या साऱ्या प्रचाराचा आधार एकच आहे. दरवर्षी लाखो भाविक येतात, यापुढे आणखी येतील. तेव्हा त्यांच्या निवासाची सोय करणाऱ्याला भाडे मिळेल आणि जमिनीचा भावही वाढेल, असा तो युक्तिवाद. त्यातील पहिले विधान खरे आहे. दुसरे मात्र पहिल्यातून आपोआप निघत नाही. पर्यटनस्थळी बांधलेल्या घराचे उत्पन्न त्या गावात किती माणसे आली यावर ठरत नाही. त्यांपैकी किती जणांनी रात्र काढली आणि ती कोणाच्या छताखाली काढली, यावर ते ठरते. सोलापूर परिसराच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे.

सोलापूरपासून अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस आणि पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पूर्वी एकेरी रस्त्यांवरून ही यात्रा करणाऱ्या कुटुंबाला वाटेत मुक्काम करावाच लागे. चौपदरी रस्ते झाल्यापासून पहाटे निघालेले कुटुंब दोन ठिकाणचे दर्शन आटोपून रात्री पुण्याला किंवा लातूरला परतू शकते. तुळजापूरची रेल्वे सुरू झाल्यावर ही सोय आणखी वाढेल. दळणवळण सुधारले की भाविकांची संख्या वाढते आणि त्याच वेळी मुक्कामाची गरज घटते. जाहिरातीत या गणिताची पहिली बाजू ठळक अक्षरांत असते, दुसरी नसते.

जे भाविक मुक्काम करतात, त्यांच्यापुढे खासगी खोलीशिवाय इतरही पर्याय आहेत. पंढरपुरात मंदिर समितीचे भक्तनिवास आहे, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची निवासव्यवस्था आहे, शिवाय शेकडो मठ आणि धर्मशाळा आहेत. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचे यात्री निवास आहे आणि अन्नछत्रात भाविकांना महाप्रसाद मिळतो. या संस्था नफ्यासाठी खोल्या चालवीत नाहीत. त्यांच्या इमारतींना भाविकांच्या देणग्यांचे पाठबळ असते. कर्ज काढून रो-हाऊस घेतलेल्या गुंतवणूकदाराची स्पर्धा अशा यजमानाशी आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलमालकाला हा प्रश्न सहसा पडत नाही. तीर्थक्षेत्री तो पहिल्या दिवसापासून पडतो.

आकडे मांडून पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. एखाद्याने ४० लाख रुपये खर्चून असे घर घेतले, असे समजू. हीच रक्कम साडेसहा टक्के दराने मुदत ठेवीत ठेवली तर वर्षाला २ लाख ६० हजार रुपये व्याज मिळेल. घराच्या भाड्यातून राखणदाराचा पगार, सफाई, वीज, पाणी, घरपट्टी आणि नोंदणी संकेतस्थळाचे कमिशन वजा जाता एका रात्रीमागे १,३०० रुपये हाती राहतात, असे धरले तर ठेवीच्या व्याजाची बरोबरी करण्यासाठी वर्षातील २०० रात्री घर भरलेले असावे लागेल. वर्षातील सगळे शनिवार आणि रविवार मिळून रात्री होतात १०४. त्यात पंढरपूरच्या चार वाऱ्या, तुळजापूरचे नवरात्र, अक्कलकोटचा स्वामींचा प्रकटदिन आणि पुण्यतिथी, सोलापूरची गड्ड्याची यात्रा हे सारे मिळविले, तरी दोनशेचा आकडा गाठणे कठीण आहे. कारण एका गावचा उत्सव दुसऱ्या गावच्या खोल्या भरेलच असे नाही. उरलेल्या रात्री भर उन्हाळ्यातल्या किंवा आडवारच्या असतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात त्या कोण भरणार, याचे उत्तर विक्रेत्याने दिले पाहिजे.

यावर ‘भाडे राहू द्या, जमिनीचा भाव तर वाढेल’ असे उत्तर दिले जाते. ते तपासण्यासाठी युरोपातल्या एका गावाचा अनुभव उपयोगी आहे. बल्गेरियातील पिरिन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बान्स्को या जुन्या गावात २००३ मध्ये बर्फाच्या उतारांवर नेणारी गोंडोला सुरू झाली. देश १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात दाखल झाला. त्या सुमारास स्वस्त विमानसेवांचा बोलबाला होता आणि ब्रिटन, आयर्लंडमधील मध्यमवर्गीयांना तेथील सदनिका आपल्याकडच्या मोटारीच्या किमतीत मिळत होत्या. परकीयांना जमीन थेट नावावर घेता येत नसे, म्हणून अनेकांनी केवळ खरेदीसाठी बल्गेरियात कंपनी स्थापन केली. पहिल्या काही वर्षांच्या भाड्याची हमी देणाऱ्या योजनाही होत्या.

बान्स्कोबाबत जाहीर झालेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या ठरल्या. गोंडोला आली, युरोपीय संघ आला, पर्यटकही आले. तरीही गुंतवणूकदार अडचणीत आले, कारण प्रत्येकाने तेच गृहीत धरून घर घेतले होते. खाटांची संख्या पर्यटकांच्या कितीतरी पुढे गेली. हंगाम थंडीच्या चार महिन्यांचा, तर इमारतीच्या देखभालीचे शुल्क बारा महिन्यांचे. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटानंतर भाव कोसळले तेव्हा विकू पाहणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळेना. स्थानिक माणसाला त्या घरांची गरज नव्हती आणि बाहेरचा माणूस येईनासा झाला होता. पुढे दूरस्थ काम करणाऱ्या तरुणांनी त्या गावाला नवी वर्दळ दिली आणि १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो हे चलनही आले. परंतु २००७ मध्ये घर घेतलेल्याच्या दृष्टीने मधली वर्षे ही देखभाल शुल्क भरत वाट पाहण्यात गेली. साठीत गुंतवणूक करणाऱ्याला इतकी सवड नसते.

महाराष्ट्राला अशा अनुभवासाठी बल्गेरियापर्यंत जाण्याचीही गरज नाही. इटलीतील पोर्तोफिनोच्या धर्तीवर मुळशी तालुक्यात उभारलेल्या लवासा प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीच्या वादात २०१० मध्ये काम थांबवण्याची नोटीस मिळाली आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हॉटेलातील खोल्यांच्या रात्री विकणाऱ्या ‘पॅनकार्ड क्लब्ज’चे प्रकरण तर सामान्य ठेवीदाराच्या अधिक जवळचे. खोली वापरा किंवा मुदतीअखेर वाढीव रक्कम घ्या, अशा या योजनेत सुमारे ५० लाख लोकांनी मिळून सुमारे ७ हजार कोटी रुपये गुंतविले. ही प्रत्यक्षात सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे सांगत सेबीने २०१४ मध्ये नवी रक्कम घेण्यास मनाई केली आणि २०१६ मध्ये परताव्याचा आदेश दिला. आदेश निघणे आणि पैसे हाती पडणे यांतले अंतर त्या ठेवीदारांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. सहलीच्या खोलीला हमखास परताव्याची जोड दिली की घर मागे पडते आणि ठेव पुढे येते. आणि ठेवीला नियामकाची मान्यता लागते.

सोलापूर परिसरात या सर्वसाधारण जोखमीवर जमिनीच्या कायद्यांचा आणखी एक थर आहे. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्याचा अधिकार तत्त्वतः शेतकऱ्यालाच आहे. सोलापूर जिल्ह्याला मूळचा मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा लागू आहे. तुळजापूर मात्र पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे १९५० चा हैदराबाद कूळकायदा चालतो. जिल्ह्याची हद्द ओलांडली की तपासायची कागदपत्रे बदलतात. तीर्थक्षेत्रांभोवती देवस्थान इनामाच्या जमिनी आहेत आणि मराठवाड्याच्या बाजूला मदतमाश, खिदमतमाश अशा वर्गांतल्याही. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. खरेदीखत झाले म्हणजे मालकी निर्वेध झाली, हा समज येथे महागात पडू शकतो.

दोन-तीन गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ हा आणखी नाजूक प्रकार. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्ह्यांसाठी किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असे ठरविण्यात आले. त्यापेक्षा लहान तुकडा विकण्यासाठी अनेकांची नावे एका सातबाऱ्यावर सामाईक चढवण्याची युक्ती केली जाते. असा सहहिस्सेदार पुढे घर बांधायला किंवा कर्ज काढायला गेला की त्याला आपल्या तुकड्याची हद्दच सिद्ध करता येत नाही. जुन्या व्यवहारांना दिलासा देण्यासाठी सरकारने २०२५ मध्ये पावले उचलली. मात्र ती निवासी व तत्सम क्षेत्रांतील झालेल्या व्यवहारांसाठी होती, शेतातल्या नव्या प्लॉटसाठी तो परवाना नव्हे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा अधिक प्लॉटच्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी बंधनकारक आहे. तो क्रमांक नसेल तर पुढच्या चर्चेत वेळ घालवण्याचे कारण उरत नाही.

भाववाढीचे दुसरे गृहीतक सरकारी घोषणांवर उभे आहे. सोलापूरकरांना या बाबतीत पुरेसा अनुभव आहे. याच विमानतळावरून दीड-दोन दशकांपूर्वी मुंबईची सेवा सुरू होऊन बंद पडली होती. त्यानंतर विमानसेवेच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि प्रत्यक्ष विमान उडायला त्यानंतरही दोन वर्षे लागली. मुंबईची आताची सेवाही राज्य सरकारच्या निधीच्या आधाराने सुरू झाली आहे. आधार काढल्यावर ती स्वतःच्या पायावर उभी राहते की नाही, हे अद्याप दिसायचे आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीचा शेतकऱ्यांच्या विरोधामुळे वारंवार फेरविचार झाला. नकाशावरची रेघ सरकली की ‘महामार्गालगत’ म्हणून घेतलेला प्लॉट पुन्हा माळरान ठरतो, आणि रेघ त्याच्यावरूनच गेली तर भूसंपादनाची नोटीस येते.

राहिला पाण्याचा प्रश्न. उजनीसारखे प्रचंड धरण जिल्ह्यात असूनही सोलापूर शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी घेतले. शहराबाहेरच्या प्रकल्पांची भिस्त कूपनलिका आणि टँकरवर असते. जलतरण तलाव आणि हिरवळ दाखविणाऱ्या चित्रातले पाणी कोणत्या स्रोतातून येणार, ते मे महिन्यात पुरणार का आणि शेजारच्या गावाच्या विहिरींचे काय होणार, हे प्रश्न खरेदीदाराच्या खिशाशी जितके निगडित आहेत तितकेच त्या गावाच्या हिताशीही. रस्त्याकडेची शेती विकून बाजूला झालेल्या शेतकऱ्याला पुन्हा त्या भावात जमीन मिळत नाही, ही या व्यवहाराची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते.

याचा अर्थ या परिसरात पर्यटनाला भवितव्य नाही, असा नव्हे. नळदुर्गचा किल्ला, सोलापूरचा भुईकोट, नान्नजचे माळढोक अभयारण्य, उजनीच्या फुगवट्यावर येणारे रोहित पक्षी आणि शंभर किलोमीटरवरचे विजापूर यांची सांगड घातली गेली तर दर्शनानंतर एक रात्र थांबण्याचे कारण भाविकाला मिळेल. त्यासाठी मार्गदर्शक, स्वच्छतागृहे, स्थानिक बससेवा आणि माहिती केंद्रे लागतात. प्लॉट पाडणे हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. प्रशासनाने आणि देवस्थानांनी एक साधी गोष्ट केली तरी बाजार बराच शहाणा होईल. भक्तनिवासांतील खोल्या कोणत्या महिन्यात किती भरतात, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. गर्दीचे आकडे सर्वांना ठाऊक आहेत. मुक्कामाचे आकडे कोणाच्याच हाती नाहीत, आणि या अज्ञानावरच विक्रीचा डोलारा उभा आहे.

तोवर खरेदीदाराने आपला हिशेब आपण करावा. स्वतःला राहण्यासाठी घर हवे असेल तर निर्वेध कागद आणि पाणी एवढे पाहून ते खुशाल घ्यावे. भाड्यासाठी हवे असेल तर शेजारच्या चालू घराची गेल्या दोन वर्षांची भाड्याची नोंदवही दाखविण्यास सांगावे. केवळ पुढच्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकण्यासाठी हवे असेल, तर ते गिऱ्हाईक कोण आणि त्याला त्या घराची गरज का पडावी, याचे उत्तर इसार देण्यापूर्वी मिळवावे. बान्स्कोत हा प्रश्न लोकांनी सौदा झाल्यानंतर विचारला होता.