वस्त्रगाळ चूर्णातील वस्त्र

‘वस्त्रगाळ चूर्ण’ हा शब्द आपल्या निर्माणशाळांत दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. त्यातील चूर्णाविषयी आपण पुष्कळ सांगू शकतो. मूळ कोठून आले, कोणत्या ऋतूत खणले, भस्मांश किती, आर्द्रता किती, याची उत्तरे तयार असतात. वस्त्राविषयी विचारले तर मात्र उत्तर एकच येते, ‘पेठेतून आणले.’ कुचल्याच्या शोधनात डोलायंत्रात तासन्‌तास लटकणारी पोटली, क्वाथ व सिद्धतैल गाळण्याचे फडके, पिंडस्वेदाच्या पोटल्या, पिचू, पट्टबंधन या साऱ्यांत कापड आहे. कित्येकदा रुग्णाच्या त्वचेला औषधाच्या आधी स्पर्श होतो तो या कापडाचा. असे असूनही खरेदीच्या वहीत त्याची नोंद ‘किरकोळ खर्च’ या सदरात होते. ही प्रथा बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शुभ्र सुती कापड म्हणजे निव्वळ कापूस, अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ चढते. ती कुजू नये म्हणून पूर्वी तीत पेंटाक्लोरोफिनॉलसारखे द्रव्य मिसळले जात असे. जर्मनीने त्यावर १९८९ साली निर्बंध घातले आणि २०१५ साली ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. विणलेल्या कापडाची खळ काढतात, कॉस्टिक सोड्यात उकळून मेण घालवतात, विरंजन करतात, आणि शेवटी डोळ्यांना अधिक पांढरे दिसावे म्हणून प्रकाशदीप्ती देणारे द्रव्य चढवतात. सुरकुती पडू नये म्हणून फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ, मऊपणासाठी आणखी काही. रंगीत कापडाची गोष्ट तर याहून लांब आहे. गिरणी, प्रक्रियागृह, ठोक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशा चार-पाच हातांतून ठाण आपल्यापर्यंत येते आणि मागच्या हाताने काय केले हे पुढच्या हाताला ठाऊक नसते.

काही वर्षांपूर्वी कटिशूलाच्या एका रुग्णेस पत्रपिंडस्वेद सुरू केला होता. तिसऱ्या दिवशी पाठीवर कंडू व रक्तवर्ण मंडले उठली. प्रथम संशय निर्गुंडीवर गेला, नंतर तैलावर. दोन्ही बदलून पाहिले, उपशम नाही. अखेरीस आमच्या परिचारिकेने सहज सांगितले की पोटलीसाठी या वेळी नवे ठाण फोडले आहे, छान गुळगुळीत आहे आणि दुकानदाराने ‘चुरगळत नाही’ म्हणून मुद्दाम दिले आहे. जुन्या, अनेकदा धुतलेल्या धोतराच्या पोटल्या करून तीच पाने, तेच तैल वापरले. उपद्रव झाला नाही. एका रुग्णावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मी जाणतो. परंतु त्या परिचारिकेने तोंड उघडले नसते, तर रुग्णेच्या मनात आणि आमच्या कागदावरही दोष त्या तैलाच्या माथी कायमचा बसला असता.

यामागील कारण समजण्याजोगे आहे. अशा राळेतून फॉर्मल्डिहाइड सुटण्यास उष्णता व ओलावा साहाय्य करतात. पॉलिएस्टरवर वापरले जाणारे डिस्पर्स रंग स्नेहात विरघळण्याकडे झुकणारे असतात, आणि त्यांतील काही निळे रंग त्वचेच्या संपर्कजन्य विकारासाठी कुप्रसिद्ध आहेत. म्हणजे स्नेहन आणि स्वेदन या आपल्या दोन प्रमुख उपक्रमांत, कापडातील नको ते द्रव्य बाहेर खेचण्यास हवी तीच परिस्थिती आपण स्वतः निर्माण करतो. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात विषप्रयोगाची अधिष्ठाने सांगताना अभ्यंग, अनुलेपन यांच्या बरोबरीने वस्त्र व शय्या यांचीही गणना केली आहे, हे येथे आठवावे. अर्थात, उठलेल्या प्रत्येक पुरळाला लगेच ‘दूषीविष’ म्हणून मोकळे होण्याची घाई मला मान्य नाही. संपर्कजन्य असात्म्य हे विशिष्ट व्यक्तीत अत्यल्प मात्रेनेही प्रकटते. त्याचा विचार स्वतंत्रपणेच व्हावा. तपासताना स्थानाकडे लक्ष द्यावे. काखेच्या कडांवर विकार आणि मधला खळगा मात्र स्वच्छ असेल, तर सुगंधी फवाऱ्यापेक्षा कापडाचा संशय अधिक घ्यावा.

वस्त्रोद्योग हा धडा आपल्या आधी शिकला, तोही बाजारपेठ हातची जाण्याच्या भीतीने. कर्करोगजनक अमाइने सोडणाऱ्या अझो रंगांवर जर्मनीने १९९४ मध्ये बंदी घातली आणि आपल्या निर्यातदारांची धावपळ उडाली. भारत सरकारने १९९७ मध्ये अशा ७० अझो रंगांच्या हाताळणीस मनाई केली. युरोपीय संघाने २००२ मध्ये मर्यादा ठरवली, ती एक किलो कापडात ३० मिलिग्रॅम अमाइनाची. आरंभी सारा भर तयार कपडा प्रयोगशाळेत धाडण्यावर होता. परंतु एका बाहीचा तुकडा निर्दोष निघाला म्हणून दहा हजार सदरे निर्दोष ठरत नाहीत, आणि दोष सापडतो तेव्हा माल शिवून तयार असतो. म्हणून २०११ नंतर मोठ्या खरेदीदारांनी एकत्र येऊन झेडडीएचसी या नावाने काम सुरू केले आणि २०१४ मध्ये रंगशाळेच्या दारातच कोणती रसायने येऊ द्यायची नाहीत, याची यादी प्रसिद्ध केली. परीक्षा शेवटच्या पायरीवरून पहिल्या पायरीवर आली.

आपलीही कथा फार निराळी नाही. अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००४ साली बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या निबंधाच्या निष्कर्षांवर आपण पुष्कळ वाद घातला, काही मुद्दे रास्तही होते. पण १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी उत्पादनांसाठी जड धातूंची चाचणी अनिवार्य झाली, ती आपण आपणहून मागितली नव्हती. कापडाच्या बाबतीतही बाहेरून कोणी बोट दाखवण्याची वाट आपण पाहावी काय?

येथे एक विषयांतर. केरळातील बलरामपुरमच्या हातमागावर वनौषधींच्या काढ्यात रंगवलेले ‘आयुर्वस्त्र’ बरेच गाजले आणि आता आपल्याकडेही हळद-मंजिष्ठेत रंगवलेले कपडे औषधालयांच्या काचेआड दिसू लागले आहेत. प्रयत्न स्तुत्य आहे. मात्र वनस्पतीचा रंग सुतावर टिकण्यासाठी बहुधा रंगबंधक लागतो. तो तुरटी असेल तर चिंता नाही. मोरचूद किंवा पोटॅशियम डायक्रोमेट असेल तर आहे, कारण क्रोमियम हे त्वचाविकाराचे जुनेच कारण आहे. दुकानात असे वस्त्र ठेवणाऱ्या बंधूंनी वनस्पतीचे नाव विचारण्यापूर्वी रंगबंधकाचे नाव विचारावे.

सुदैवाने पोटलीच्या कापडाची प्राथमिक परीक्षा कोणासही करता येते. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा अंधारात कापडावर धरावा. कापड निळसर पांढरे झळाळले तर त्यावर दीप्तिद्रव्य आहे. (घरगुती धुलाई पावडरीतही ते असते, म्हणून निर्माणशाळेचे कापड रिठ्याच्या पाण्यातच धुवावे.) आयोडीनच्या विरल द्रावाचा थेंब निळा-काळा झाला तर पिष्टाची खळ शिल्लक आहे. पाण्याचा थेंब मोत्यासारखा वर राहिला तर मेण गेलेले नाही किंवा काही लेप चढवलेला आहे. फॉर्मल्डिहाइड व अझो रंगांसाठी प्रयोगशाळाच हवी. परंतु कोरा, बिनरंगी मांजरपाट घेऊन तो दोनदा उकळून धुतला, तर रंगांचा प्रश्न उद्भवतच नाही. मुदलात, शल्यपट्टीच्या कापडासाठी औषध नियम, १९४५ च्या अनुसूचीत मानके घातलेली आहेत. क्षारसूत्रासाठी आपण वीस नंबरचा शल्यकर्माचाच लिनन धागा घेतो, तेथे पेठेतला दोरा चालवत नाही. मग पिचू आणि पोटलीला वेगळा न्याय का?

‘एवढ्याशा कापडासाठी प्रमाणपत्र कोण देणार?’ ही लहान औषधशाळांची अडचण खरी आहे. चार ठाणे घेणाऱ्याला गिरणी उभीही करत नाही. परंतु जिल्ह्यातील वीस-पंचवीस सभासदांची वर्षाची गरज एकत्र केली तर मागणी लक्षणीय होते. संघटनेने एकाच प्रक्रियागृहाकडून, एकाच घाणीचे, दीप्तिद्रव्य व राळ न चढवलेले कापड लेखी हमीसह घ्यावे, त्यातील एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा आणि अहवालाची प्रत प्रत्येक ठाणाबरोबर द्यावी. चाचणीचा खर्च मीटरमागे वाटला की तो फारसा जाणवणार नाही. आपल्या गरजेचा आकडा सभासदांनी येत्या वार्षिक सभेपूर्वी जिल्हा शाखेकडे कळवावा. पन्हा आणि मीटर, दोन्ही लिहावे.