प्रोबेटची सक्ती गेली, पुढे काय?

मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात मुलांच्या शिक्षणाचा आणि निवृत्तीनंतरच्या घराचा विचार वीस-वीस वर्षे आधी होतो. मृत्युपत्राचा विषय निघाला की मात्र ‘अभद्र बोलू नये’ म्हणून तो मिटवला जातो. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील २१३ वे कलम वगळले, त्याची चर्चा वकिलांच्या कचेऱ्यांपलीकडे फारशी गेलेली दिसत नाही, याचेही कारण कदाचित हेच असावे.

या कलमाचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने बंगालचा काही मुलूख आणि मद्रास व मुंबई ही शहरे यांना जी शिस्त लावली, तीच १९२५ च्या अधिनियमात उतरली. मृत्युपत्र मुंबईत झालेले असले, किंवा त्यातील घर मुंबईत असले, तर हिंदू, बौद्ध, शीख, जैन व पारशी यांच्या वारसांना प्रोबेटवाचून त्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क शाबीत करता येत नसे. साताऱ्याच्या शिक्षकाने गावातल्या वाड्यासंबंधी तिथेच केलेल्या मृत्युपत्राला ही अट नव्हती. दादरच्या दोन खोल्यांना ती होती. मुसलमानांनाही ती नव्हती. इतक्या वर्षांनी हा भेद गेला, हे योग्यच झाले.

मात्र सक्ती गेली म्हणजे प्रोबेट गेले, असे नव्हे. मृत्युपत्र खरे आहे आणि ते विधिवत झाले आहे, यावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, म्हणजे एक्झिक्युटरने, मूळ दस्त, मालमत्तेची व कर्जाची यादी आणि साक्षीदाराचे शपथपत्र यांसह अर्ज करावयाचा. न्यायालय निकटच्या वारसांना नोटिसा काढते. कोणी हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो. व्यवस्थापक नेमलेलाच नसेल तर प्रोबेट मिळत नाही. मृत्युपत्र जोडून प्रशासनपत्र मागावे लागते. घर मुळात मृताचे होते की नाही, हा प्रश्न प्रोबेट न्यायालय ठरवीत नाही. पुष्कळांची येथेच गफलत होते.

आजवर न्यायालय जी छाननी करीत असे ती आता कोण करणार? बँकेचा अधिकारी आणि गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस यांच्यावर तो भार येणार. दोघांनाही सही खरी की खोटी हे ठरविण्याचा अधिकार नाही, आणि अंगावर जोखीम घेण्याची हौसही नाही. म्हणूनच मृत्युपत्र निर्दोष असण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

कायद्याची अपेक्षा तशी माफक आहे. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही हवी आणि ती पाहिलेल्या, किंवा करणाऱ्याने आपल्याजवळ कबूल केल्याचे सांगू शकणाऱ्या, किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. वाद निर्माण झाला तर त्यांपैकी एकाला तरी न्यायालयात उभे राहावे लागते. तेव्हा साक्षीदार स्वतःहून वयाने लहान असणे शहाणपणाचे. ज्याला मोठा लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने वेंकटचल अय्यंगार प्रकरणात १९५८ मध्येच सांगितले आहे. म्हाताऱ्या बापाला रिक्षातून नोंदणी कार्यालयात नेणाऱ्या धाकट्या चिरंजीवांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

‘नॉमिनी लावला आहे, मग मृत्युपत्र कशाला?’ हा नोकरदारांचा नेहमीचा युक्तिवाद. नॉमिनी हा सामान्यतः रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. विम्याच्या बाबतीत हे तत्त्व १९८३ मध्ये आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मांडले. (विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी आणि मुले यांच्यापुरता अपवाद झाला.) महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेतही वारस निश्चित होईतो नॉमिनी हा तात्पुरताच सभासद असतो. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात; मार्च २०२४ अखेर अशी रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. ती सारीच मृतांची नव्हे, हे खरे. पण ज्या पैशाचा पत्ता घरच्यांनाच ठाऊक नाही, तो कुटुंबाच्या उपयोगी पडत नाही.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक अप्रिय आहे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, आई, मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतही जन्मसिद्ध हक्क दिला. मृत्युपत्राने मात्र स्वतःच्या हिश्श्यातून तिला सहज वगळता येते. ‘तिच्या लग्नात खर्च झाला’ एवढे एक वाक्य त्यासाठी पुरेसे समजले जाते. शेजारच्या गोव्यात, मुले असताना, स्वतःच्या वाट्याच्या निम्म्याहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही; उरलेला निम्मा भाग कायद्याने मुलामुलींचा राखीव असतो. प्रोबेटची अट काढताना उर्वरित देशात असा काही बंध घालावा काय, याचा विचार संसदेने करावयास हवा होता. प्रोबेटच्या अर्जावर निकटच्या वारसांना नोटीस निघत असे; मुंबईतील वगळलेल्या मुलीला आक्षेपाची संधी त्यातून मिळे. आता वडिलांचे घर भावाच्या नावावर झाल्याचे तिला कदाचित पुष्कळ उशिरा कळेल. निदान राज्याच्या सहकार खात्याने तरी, मृत्युपत्राच्या आधारे सदनिका वर्ग करण्यापूर्वी सर्व निकटच्या वारसांना लेखी सूचना देण्याचे बंधन गृहनिर्माण संस्थांवर घालावे.